अल्पायुषी आणि दीर्घायुषी : आपल्या चरित्रलेखनाची दोन मापे

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका वयोवृद्ध शिक्षकांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त छोटेखानी गौरवग्रंथ काढण्याचे ठरले, आणि निवृत्त माणसापाशी वेळ असतो या सर्वमान्य समजुतीनुसार संपादनाचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. लेख तेवीस आले. बहुतेकांचा आरंभ जन्मतारखेने, मध्य नोकरीच्या वर्षांनी आणि शेवट शतायुषी होण्याच्या शुभेच्छेने. ‘वयाच्या ऐंशीव्या वर्षीही’ हा शब्दप्रयोग मी पेन्सिलीने खुणा करीत मोजू लागलो. पंधरानंतर मोजणे सोडले. या साऱ्यांत एकच मजकूर निराळा होता, आणि तो लेखही नव्हता, एका जुन्या विद्यार्थ्याची पानभर चिठ्ठी होती. पाय मोडून तो पाच महिने घरी पडला असता गुरुजी शाळा सुटल्यावर मानशीच्या बांधावरून चालत त्याच्या घरी येत आणि दिवसभराचा अभ्यास करून घेत, एवढीच हकीकत. ही चिठ्ठी मागच्या पानांत टाकावी, असे समितीतील काहींचे मत पडले. कारण तीत ‘माहिती’ नव्हती. मी ती पहिल्या पानावर घेतली. त्यावरून थोडी नाराजीही पत्करली.

या प्रसंगाने एक जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढून उभा राहिला. माणूस किती जगला यापेक्षा त्याने काय केले ते पाहावे, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक शोकसभेत उच्चारले जाते. मात्र गौरवाचे आपले सारे प्रसंग वर्षांवरच बेतलेले आहेत. षष्ट्यब्दी, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन, शताब्दी. एक्याऐंशीच्या आसपास हजार पौर्णिमा पुऱ्या होतात, हे खगोलाचे गणित झाले. त्या पौर्णिमांच्या उजेडात माणसाने काय केले, ते त्या गणितात येत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न मिळाले ते १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. त्यांनी हिंगण्याला आश्रम नेला १९०० साली आणि महिला विद्यापीठ काढले १९१६ साली. तेव्हाच्या कामाची पोच मिळण्यासाठी त्यांना इतके जगावे लागले. ते तेवढे जगले हे आपले भाग्य. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या रीतीचे नवल वाटू नये. आमच्या सर्व्हिस बुकात पहिली महत्त्वाची नोंद जन्मतारखेची असते, आणि निवृत्तिवेतन ठरते ते सेवेच्या वर्षांवर व शेवटच्या पगारावर. कोणती फाईल कोणाच्या घरात दिवा लावून गेली, यासाठी त्यात रकाना नाही.

तथापि माझा मुद्दा गौरवग्रंथांपुरता नाही. त्यांचे आयुष्य एका समारंभाचे असते. त्यांना किती दोष द्यावा? ज्या ग्रंथांनी आपली साहित्यिक अभिरुची घडवली, त्या चरित्रांनी आणि चरित्रात्मक कादंबऱ्यांनी तरी हे वाक्य पाळले आहे काय, हे पाहण्यासाठी मी दोन स्त्रियांची आयुष्ये आणि त्यांच्यावरील पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक डॉ. आनंदीबाई जोशी. दुसऱ्या डॉ. रखमाबाई. दोघींच्या जन्मांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर : रखमाबाई २२ नोव्हेंबर १८६४ च्या, आनंदीबाई ३१ मार्च १८६५ च्या. दोघींची लग्ने बालपणी झाली. दोघीही परदेशी जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदीबाई बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी गेल्या. रखमाबाई १९५५ साली, नव्वदी ओलांडून गेल्या. वयाची लांबी आणि कृतीचे मोल यांतला फरक तपासायला काळाने जणू दोन समांतर रेघा आखून ठेवल्या आहेत.

आनंदीबाईंची कथा आपल्या वाचकांना तोंडपाठ असल्याने फक्त आवश्यक तेवढे सांगतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांचे मूल गेले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. त्यांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून एकट्या जहाजात बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ केलेली होती. तेथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

आता या आयुष्यावरील पुस्तकांची केवळ शीर्षके पाहावीत. पहिले चरित्र इंग्रजीत, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीचे, बोस्टनहून १८८८ साली निघालेले. त्याच्या मुखपृष्ठावर आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग अशी करून दिली आहे. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ ची. तिचे नाव ‘आनंदी गोपाळ’. स्त्रीचे नाव आणि पाठोपाठ पतीचे, आपल्या जुन्या रीतीप्रमाणे. अंजली कीर्तने यांचा ग्रंथ १९९७ चा. त्याचे उपशीर्षक ‘काळ आणि कर्तृत्व’. नातलग, पत्नी आणि मग कर्त्री. या तीन पायऱ्या चढायला एकशे नऊ वर्षे लागली. या पायऱ्यांच्या मध्ये काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र उभे आहे, ज्याची १९१२ ची आवृत्ती अभ्यासकांच्या नित्य वापरात असते. काशीबाई स्वतः लग्नानंतर, घरच्यांचे टोमणे सोसत लिहा-वाचायला शिकलेल्या. त्यामुळे त्यांच्या लेखनात एक विशेष आढळतो, जो पुढच्या कादंबरीत हरवला : त्यांना शिकण्याच्या क्रियेतच रस आहे. आनंदीबाईंची पत्रे त्या देतात तेव्हा वाचकाला एक मुलगी विचार करताना दिसते.

‘आनंदी गोपाळ’विषयी बोलताना मला संकोच होतो. ही कादंबरी आमच्या पिढीने रात्री जागून वाचली. तिच्यावर नाटक आले, दूरदर्शनवर मालिका आली, २०१९ साली चित्रपट आला. श्री. ज. जोशींची शैली ओघवती, संवाद नेमके, आणि गोपाळराव ही व्यक्तिरेखा तर मराठी कादंबरीतील थोड्या अविस्मरणीय व्यक्तिरेखांपैकी एक. दोष असलाच तर तो येथेच सुरू होतो. पुस्तक मिटल्यावर मनात अधिक ठसतात ते गोपाळराव. त्यांचा हट्ट, त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांची बायकोला शिकवण्याची जिद्द. आनंदीबाई आठवतात त्या त्यांच्या हातून घडलेल्या आणि अकाली भंगलेल्या मूर्तीसारख्या. मूर्ती घडवताना बसलेल्या घावांना कादंबरीत प्रेमाचीच बाजू अधिक मिळते. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात मात्र आनंदीबाईंनी पतीला बालपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली आहे. दहाव्या वर्षी काय फेकून मारले, बाराव्या वर्षी कशाची धमकी दिली, असा वयावार हिशेबच त्यांनी मांडला आहे. त्यात आकांत नाही. शांतपणे टिपण काढावे तसे ते लिहिले आहे. एकविशीच्या आतल्या स्त्रीने असे पत्र लिहावे, ही माझ्या मते तिच्या पदवीइतकीच मोठी कृती आहे.

याहून गंभीर दोष कादंबरीचा एकटीचा नाही, आपणा वाचकांचाही आहे. आनंदीबाईंची थोरवी आपण कशाने मोजतो? थोडा वेळ स्वतःशी प्रामाणिक राहून उत्तर द्यावे. ‘अवघ्या एकविसाव्या वर्षी’ हे तीन शब्द काढून घेतले तर आपल्या भाषणांत काय उरते? आपण लांबीचे माप टाकून दिले असे म्हणतो, आणि त्याच पट्टीचे दुसरे टोक हातात धरून तोकडेपणा मोजतो. जो जितका लवकर गेला तितका तो आपल्याला थोर वाटतो. बालकवी अठ्ठावीस वर्षांचे होण्याआधी रेल्वेखाली गेले, गडकरी चौतिसाव्या वर्षी गेले, विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्यावरचे कोणतेही भाषण या वयापाशी थांबून सुस्कारा सोडते. ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक सात वर्षांत काढणे ही काय चीज आहे, हे मात्र त्या सुस्काऱ्यात बुडून जाते. अश्रू हे माप नाही. ते फक्त आपल्या डोळ्यांविषयी काही सांगतात.

‘पहिली’ या विशेषणाचेही तसेच. अमेरिकेत पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, ज्या कार्पेंटर कुटुंबाने आनंदीबाईंना लेकीसारखे सांभाळले त्यांच्या जागेत, आनंदीबाईंच्या अस्थी पुरलेल्या आहेत. तेथील दगडावर जन्ममृत्यूची वर्षे आणि शिक्षणासाठी देशाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर आहे. वर्षे आणि क्रमांक. क्रमांक हीदेखील तारखेचीच गोष्ट. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीची पात्रता मिळवून पुढे १९२३ पर्यंत व्यवसाय करीत राहिल्या. पहिलेपणाचा वाद घालणाऱ्यांनी दोघींचे कागद खुशाल ताडून पाहावेत. मला त्यातून आनंदीबाईंविषयी काही नवे कळत नाही.

मग त्यांनी केले काय? पदवी मिळाल्यावर भारतात दवाखाना चालवायला त्यांना अवधी मिळाला नाही. केलेल्या कामांची यादी करून आयुष्य मोजायचे म्हटले, तर आमच्या कार्यालयीन भाषेत ‘निरंक’ लिहावे लागेल. परंतु यादी करणाऱ्याने २४ फेब्रुवारी १८८३ ची तारीख पाहिलेली नसते. त्या दिवशी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात, अठरावे वर्ष अजून पुरे न झालेली ही मुलगी उभी राहिली आणि लोक पाठीमागे जे प्रश्न कुजबुजत होते ते तिने स्वतःच एकामागून एक मांडून त्यांची इंग्रजीतून उत्तरे दिली. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, अपयश आले तर काय. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिने जाहीरपणे सांगितले. पुढे महाविद्यालयाकडे केलेल्या अर्जातही तिने आपला हेतू स्वच्छ लिहिला : पुरुष वैद्यासमोर जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना उपचार मिळावेत. दहा दिवसांचे मूल गमावलेली आई हे लिहीत होती. तो अर्ज आणि तिची इतर कागदपत्रे आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. अर्ज लिहिणे ही कृती आहे, हे ज्याने आयुष्यभर इतरांचे अर्ज वाचले त्याच्याखेरीज कोणाला अधिक कळणार!

दुसरी गोष्ट अशी की काही कृतींचे फळ करणाऱ्याच्या हाती पडत नाही, ते शेजारच्या हातात पडते. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला आल्या. आल्या त्या तेथे राहिल्या, हिंडल्या, व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले, त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली, आणि अमेरिकेतून उभ्या राहिलेल्या साहाय्यावर मुंबईत शारदासदन उघडले. ते उघडले त्याची तारीख ११ मार्च १८८९. तेथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्यांच्याशी धोंडोपंत कर्व्यांनी पुनर्विवाह केला ११ मार्च १८९३ रोजी, आणि लग्नानंतर त्यांचे नाव ठेवले आनंदीबाई. तारखांच्या आणि नावांच्या या खेळाला मी पुरावा मानत नाही. सरकारी माणूस योगायोगावर शेरा मारत नाही. पण फिलाडेल्फिया, शारदासदन आणि हिंगणे हे तीन टप्पे एका रेषेत आहेत, एवढे तर कागदोपत्रीच आहे. चरित्रकाराने दाखवायचे ते हे. प्रेरणा हा सैल शब्द वापरून सुटका करून घेणे सोपे आहे.

आता रखमाबाईंकडे वळतो, आणि येथे प्रथम एक तारीख. आनंदीबाई गेल्या त्यानंतर सहाव्या दिवशी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीच्या घरी नांदायला जावे, नाहीतर तुरुंगवास भोगावा. अकराव्या वर्षी झालेले लग्न. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावलेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला. निकाल ऐकून रखमाबाईंनी कळवले की आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्यापूर्वीच ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे लिहून खळबळ उडवली होती. ‘केसरी’सारख्या पत्रांनी त्यांच्यावर टीका केली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, त्याच्या आधीच्या वादळात या खटल्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत.

एवढ्यावर त्या गेल्या असत्या तर? माझी खात्री आहे, आज त्यांच्यावर कादंबरी असती, नाटक असते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांची भूमिका करायला मुली भांडल्या असत्या. त्यांचा ‘अपराध’ असा की त्या जगल्या. १८८९ साली इंग्लंडला गेल्या, तेथे वैद्यक शिकल्या, परतल्या, आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत मिळून सुमारे पस्तीस वर्षे काम केले. प्लेगचे दिवस पाहिले. मग निवृत्त होऊन मुंबईत राहिल्या. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटण्याच्या सुमारास, २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. खटल्यापर्यंतची रखमाबाई सर्वांना ठाऊक आहे. पुढची पस्तीस वर्षे बहुतेक लेखांत एका परिच्छेदात आटोपतात. अनंत महादेवन यांचा २०१६ चा ‘डॉक्टर रखमाबाई’ हा मराठी चित्रपट आला, तोही ‘आनंदी गोपाळ’सारखा घरोघरी पोहोचला नाही. जातीचा धागाही येथे नजरेआड करता येत नाही. सुतार समाजात जन्मलेल्या या स्त्रीला पुणेरी वाङ्मयाने आपल्या अंगणात जागा द्यायला वेळ लावला, असे कोणी म्हटले तर मी तरी त्याला खोडून काढणार नाही.

मोहिनी वर्दे यांनी १९८२ साली ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे चरित्र लिहिले. परिश्रमपूर्वक, संयमाने लिहिलेले हे पुस्तक आहे आणि त्याला मिळायला हवे होते तेवढे वाचक मिळाले नाहीत. मात्र त्यातील ‘आर्त’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. नव्वद वर्षे ताठ मानेने जगलेल्या, असंख्य बाळंतिणींना हात दिलेल्या स्त्रीच्या नावापुढे ‘आर्त’ का? दुःखाचा स्पर्श झाल्याखेरीज स्त्रीचे चरित्र मराठीत उभेच राहत नाही की काय? नंतर वाटले, घाई करू नये. आपल्या संतपरंपरेत आर्त म्हणजे केवळ दुःखी असे नाही. आतून ओढ लागलेला तोही आर्तच. लेखिकेच्या मनात हा दुसरा अर्थ असावा. तरीही पुस्तकाच्या दुकानात नाव वाचणाऱ्याला पहिलाच अर्थ आधी लागतो, हे खरे.

दीर्घ सेवेचे चरित्र लिहिणे अवघड का जाते, याचे कारण वाङ्मयीन आहे. कथेला घटना लागते आणि घटना म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी बिघडणे. सुरतेच्या रुग्णालयात एखाद्या रात्री अडलेली बाई मोकळी झाली, मूल रडले, सकाळी नातेवाईक घरी गेले. येथे कथा संपली. खरे तर सुरूच झाली नाही. जो मृत्यू टळला त्याची तारीख कोठे नोंदत नाहीत. पस्तीस वर्षांत असे टळलेले मृत्यू किती असतील? ते मोजता येत नाहीत म्हणून लेखक त्यांना ओलांडून पुढे जातो आणि खटल्याच्या चार वर्षांवर दोनशे पाने लिहितो. चांगल्या कृत्यांनी आयुष्य मोजावे असे म्हणणाऱ्याने या अडचणीचे उत्तर द्यायला हवे. कृत्य गाजलेले असेल तरच आपल्याला ते दिसते, आणि गाजण्यासाठी संघर्ष किंवा मरण लागते.

हे सारे मी दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी बोलतो आहे, पण माझ्या घरात काय घडले तेही सांगायला हवे, नाहीतर ही समीक्षा सोयीची होईल. आमच्या चोपड्याच्या घरी ओसरीवर एका तरुण स्त्रीची तसबीर आहे. ती माझी काकी. मुक्तीपूर्वीच्या काळात, पावसाळ्यातल्या एका रात्री, पहिल्या बाळंतपणात ती गेली. शापोरा नदीवर तेव्हा पूल नव्हता. रात्री पलीकडे शिवोलीला न्यायला होडी मिळाली नाही, आणि सकाळी मिळाली तेव्हा उपयोग नव्हता. वय बावीस. मूल वाचले. आजतागायत घरातील प्रत्येक कार्यात त्या तसबिरीला हार घातला जातो, आणि थोरली माणसे डोळे पुसतात. मीही ही कथा ऐकत वाढलो.

ते मूल वाढवले माझ्या आतेने. ती लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. त्या मुलाला तिने कोणाकोणाच्या घरचे दूध आणून जगवले, त्याच्या पाठोपाठ आम्हां भावंडांना अंगाखांद्यावर खेळवले, आणि शेजारच्या वाड्यावर कोणी बाळंतीण असली की वयजिणीच्या हाताखाली रात्रभर बसायला तीच जात असे. काकी गेली त्या रात्रीनंतर तिने हे काम अंगावर घेतले, असे आई सांगे. पुढे किती वर्षे ती असे जात होती, कोणाला नक्की ठाऊक नाही. एकोणनव्वदाव्या वर्षी ती गेली तेव्हा आलेले लोक म्हणाले, भरपूर जगली, सोने झाले. वृत्तपत्रातील निधनवार्ता मी लिहिली. नाव, वय, ‘वृद्धापकाळाने’, आणि ‘पश्चात भाचे, भाची असा परिवार’. पहिल्या कच्च्या प्रतीत ‘भाचे’ शब्दाऐवजी ‘मुले’ असे लिहिले होते. ते तांत्रिकदृष्ट्या चूक म्हणून मीच खोडले. छापलेले कात्रण अजून माझ्याकडे आहे. गौरवग्रंथातील ते बावीस लेख वाचून मला राग आला त्याचे खरे कारण हे कात्रण होते. तिची तसबीर आमच्या घरात नाही. एका लग्नाच्या सामुदायिक छायाचित्रात ती कडेला उभी आहे, अर्धी खांबाआड.

म्हणून आनंदीबाईंना लहान करून रखमाबाईंना मोठे करावे, असा माझा सूर कोणी समजू नये. एकीला तिच्या मरणाच्या बाहेर काढून तिच्या निर्णयांपाशी नेणे आणि दुसरीला तिच्या खटल्याच्या बाहेर काढून तिच्या रोजच्या कामापाशी नेणे, हे चरित्रकाराचे काम अजून उरले आहे. कीर्तन्यांच्या ग्रंथाने आनंदीबाईंच्या बाबतीत ते पुष्कळसे केले. त्यांनी अमेरिकेतला काळ, शिक्षणसंस्था, कार्पेंटर कुटुंब, पत्रव्यवहार हे सारे परिश्रमाने गोळा केले. अधूनमधून माहितीच्या ओझ्याने निवेदन अडखळते, काही प्रकरणे आटोपशीर हवी होती, परंतु त्यांच्या आनंदीबाई स्वतःच्या पायांवर चालतात. मीरा कोसंबी यांनीही आनंदीबाईंची पत्रे आणि चरित्र इंग्रजीत सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. रखमाबाईंच्या सुरत-राजकोटच्या वर्षांवर तसे काम मराठीत व्हायला हवे. रुग्णालयांचे जुने अहवाल, नगरपालिकांची दप्तरे, गुजराती वृत्तपत्रे यांत शोध घेतला तर काही हाती लागेल, असे दप्तरांत आयुष्य घालवलेल्या माणसाला वाटते. अहवालातील कोरडा तक्ताही वाचता येतो. एका वर्षी बाळंतपणाला रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचा आकडा आणि दहा वर्षांनंतरचा आकडा शेजारी ठेवला की मधल्या दहा वर्षांत दाराशी उभे राहून कोणीतरी काय केले, ते दिसू लागते.

आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात ‘आनंदी गोपाळ’च्या तीन प्रती आहेत, तिन्ही वापरून खिळखिळ्या झालेल्या, एकीला तर पहिली सोळा पाने नाहीत. वर्दे यांचे पुस्तक नव्हते. मी वाचले ते एका स्नेह्यांकडून मागून आणलेले, आणि त्यांना ते परत करायचे आहे. त्याची प्रत मिळवण्यासाठी ग्रंथपालांना विनंती केली आहे. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ज्यांना वाचायचे असेल त्यांनी पुढच्या मासिक बैठकीपूर्वी माझ्याकडून न्यावे. मात्र बैठकीला परत आणावे, कारण पुस्तक दुसऱ्याचे आहे.